किती पडले?

मराठीत मार्क मिळत नाहीत, पडतात. पावसासारखे. आमच्या बीडकडे तर दोन्ही प्रश्न एकाच महिन्यात आणि एकाच सुरात विचारले जातात. जूनमध्ये गावाकडून फोन आला की आधी "किती पडला?" आणि घरात बारावीचं लेकरू असेल तर लगेच "किती पडले?" दोन्हीची उत्तरं बहुतेक वेळा "कमीच" अशी असतात, त्यामुळे विचारणाऱ्यालाही फार धक्का बसत नाही.

१४ जून २०२५, शनिवार. हिंजवडीच्या फ्लॅटवर मस्त लोळत पडलो होतो तेव्हा अंबाजोगाईहून आत्याचा फोन. नीटचा निकाल लागला होता. आतेबहिणीची दुसरी खेप. २०२४ साली तिला ७२० पैकी ५८३ पडले होते आणि तरी एमबीबीएस हुकलं होतं. वर्षभर घरात बसून, डोळे फोडून अभ्यास केला आणि आता पडले ४९७. म्हणजे ८६ मार्क कमी! आत्याच्या मागे पोरगी हुंदके देत होती. मग तिने फोन घेतला आणि एकच विचारलं, "दादा, तुला सीईटीला कमी पडले होते तेव्हा तू काय केलं होतंस?"

मला पटकन उत्तर सुचेना. "मार्क म्हणजे सगळं नसतं" हे वाक्य जिभेवर आलं होतं, पण ते मी गिळलं. ते खोटं आहे हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मार्कांवर कॉलेज ठरतं, कॉलेजवर पहिली नोकरी ठरते, आणि पहिल्या नोकरीवर बरंच काही. मग तिला माझी गोष्ट सांगितली. तीच आधी इथे सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो (वीकेंडला दुसरं काम काय आपल्याला!).

मी २०१४ ते २०१६ लातूरला होतो. आमच्या केज तालुक्यात ज्याला दहावीला बरे मार्क पडतात तो लातूरला जातो, हा जवळपास नियमच आहे. इंजिनिअरिंगसाठी आधीची दोन वर्षं जेईई मेन धरली जायची, आमच्या वर्षी परत राज्याची सीईटी आली. परीक्षा ५ मे २०१६. आणि तो उन्हाळा म्हणजे काय सांगू... लातूरला पाणीच नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० डबे, ५ लाख लिटर. टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून जमावबंदी लागली होती. आम्ही खोलीवरची चार पोरं दिवसाआड एक घागर वाटून घ्यायचो. त्यातले दोघे मेडिकलवाले. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मेडिकलला आता नीटच. सीईटीला सात दिवस उरलेले आणि ज्या परीक्षेची दोन वर्षं तयारी केली ती मोजली जाणार की नाही हेच माहीत नाही! शेवटी २४ मेला अध्यादेश निघाला आणि सरकारी जागांसाठी त्या वर्षापुरती सीईटी चालली. पण तो महिना त्या दोघांनी कसा काढला ते मी बघितलंय. एकजण रात्री दोनला उठून बसायचा.

मला मात्र असलं काही कारण नव्हतं. माझी परीक्षा पक्की होती आणि पेपर बरा गेला असं वाटलंही होतं. २०० पैकी ७१ पडले.

पुढचे तीन आठवडे मी गावात स्टँडवर गेलो नाही. स्टँडवर गेलं की चहाच्या टपरीवर चार माणसं, आणि चौघांचा प्रश्न तोच. वडील शेतातून आले, निकाल ऐकला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पडले ते पडले. आता कुठं मिळायलंय ते बघ." एवढंच. त्यावेळी मला वाटलं यांना कळलंच नाही काय झालंय ते. आज वाटतं की अख्ख्या घरात तेवढा एकच नेमका प्रश्न विचारला गेला. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) एका खाजगी कॉलेजात जागा मिळाली, ब्रांच हवी ती नाही. त्या वर्षी राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या होत्या, त्यामुळे मला कॉलेज मिळणारच होतं. बाकी मी काही केलं नाही. चार वर्षं गेली, कॅम्पसला एक कंपनी आली, तिने घेतलं. असो.

तिला हे सांगून फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कमी पडले म्हणजे नेमकं काय कमी पडलं? कशापेक्षा? तिथून मी उलटा मागे जात राहिलो.

मागे जाता जाता सगळ्यात जुनी प्रवेशपरीक्षा हाताला लागली ती १८५९ ची. मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं आणि दोन वर्षांनी पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर मुलं बसली आणि पास झाली वीस-बावीस. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, भांडारकर होते. आपण आज मॅट्रिक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा समजतो, पण मूळ शब्दाचा अर्थच विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. म्हणजे ती शाळा सुटल्याची परीक्षा नव्हतीच, ती आपली नीट-सीईटीच होती. कठीण होती, भयंकर कठीण होती, पण तिचा स्वभाव वेगळा होता. ती विचारायची, "तुला एवढं येतं का?" येत असेल तर ये आत. तुझ्यापुढे किती जण आहेत ही भानगडच नव्हती.

आता १९०७ सालाकडे या. त्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. ७५० पैकी मार्क पडले २८२. टक्क्यात काढले तर ३७.६. (माझे ७१ म्हणजे ३५.५ टक्के. नाही नाही, तुलना करत नाहीये, आईशप्पथ!) संस्कृत शिकू दिलं नाही म्हणून फारसी घेऊन बसलेला हा मुलगा, परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास करणारा. आणि या २८२ मार्कांचा सत्कार झाला! सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ ला कोलंबिया... पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट आपल्याकडे "बघा, कमी मार्क पडूनही माणूस मोठा होतो" अशी सांगितली जाते. मला ते सांगणं पटत नाही. एकतर त्या काळी त्या परिस्थितीत ते मार्क कमी नव्हतेच, म्हणून तर सत्कार झाला. आणि दुसरं म्हणजे २८२ ला दार उघडलं कारण दार पास होण्यावर उघडायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर तिथे एक साधा इफ-एल्स होता. अमुक मार्कांच्या वर असाल तर आत, नाहीतर पुढच्या वर्षी या. त्याच जागी यादी सॉर्ट करून वरचे शंभर घेतले असते तर? तो विचार करून बघा आणि मग पुढे वाचा.

पण हे झालं मुंबईचं, इंग्रजी मुलखातलं. आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे दाराला अजून एक कुलूप होतं, भाषेचं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, उर्दू माध्यमाचं. आपल्या देशातल्या भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून ते खरंच मोठं पाऊल होतं, फक्त ती भाषा आमच्या केज-धारूरच्या पोरांची नव्हती. शाळेचे टप्पे तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. खालच्या वर्गात मराठी चालायचं, वर चढलं की उर्दू. आणि वर चढायला शाळा तरी कुठे होत्या? अख्ख्या मराठवाड्यात १९२३ साली औरंगाबादला एक इंटरमिजिएट कॉलेज निघालं, पदवीला हैदराबादच गाठायचं.

याला कंटाळून बीडच्या भूमीत जे झालं ते मला फार आवडतं. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून काही सहकारी आणि विद्यार्थ्यांसह मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपे वगैरे मंडळी बरोबर. आणि योगेश्वरी नूतन विद्यालय उभं राहिलं. स्वामीजी स्वतः पुण्याच्या टिळक विद्यापीठाचे एम.ए., म्हणजे सरकारी मोहोर नसलेल्या शिक्षणाचे. तीन वर्षांनी, १९३८ ला, ते शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. पण शाळा राहिली. माझी आतेबहीण राहते ते घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

माझे आजोबा साधारण १९३६ चे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस अॅक्शन झाली तेव्हा ते वस्तानियात होते. म्हणजे अर्धं शिक्षण उर्दूत आणि उरलेलं मराठीत. पाढे शेवटपर्यंत उर्दूत म्हणायचे. भाजीवाल्याशी हिशोब करताना ओठ हलायचे ते "सात पंजे पैंतीस" असेच. मॅट्रिकला पहिल्यांदा गणितात उडाले. दुसऱ्या खेपेला पास, थर्ड क्लास. आणि ते मास्तर झाले. जिल्ह्यात मॅट्रिक पास माणूस मिळत नव्हता हो, थर्ड क्लास की फर्स्ट क्लास विचारतो कोण! आजोबांना किती मार्क पडले होते ते घरात कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंच नाही कधी. ते "पास" होते, संपलं.

आणि ज्या माणसाला २८२ पडले होते, त्यानेच १९५० साली मराठवाड्यात कॉलेज काढलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आजोबांच्या गावातले दोघे तिथे शिकले आणि सुट्टीत आले की ओट्यावर इंग्रजीत बोलायचे, अशी आठवण आजोबा सांगायचे. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, १९५८ ला.

मग ही यादी सॉर्ट करण्याची भानगड कधी सुरू झाली? एका दिवसात नाही झाली. साधं गणित आहे, जागा मोजक्या आणि पास होणारे भरपूर झाले की झाली. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर आधी इंटर सायन्सचे मार्क बघायचे, १०+२ आल्यावर बारावीच्या ग्रुपचे. पीसीएम, पीसीबी. "ग्रुपला किती?" हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीचा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पैशाचं एक नवीन दार उघडलं. डोनेशन हा शब्द तेव्हापासून मराठी झाला. आणि १९९९ ला मेडिकलसाठी सीईटी आली. आता बारावीचे मार्कही नकोत, एका दिवसाची एक परीक्षा आणि तिचा नंबर.

या सगळ्यात मराठवाड्याची एक वेगळीच गंमत झाली, ती जरा नीट सांगतो.

आमचा भाग मागास, हे सरकारला मान्यच होतं. घटनेच्या ३७१ (२) कलमात मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात तंत्रशिक्षणाच्या सोयींचं न्याय्य वाटप व्हावं असं लिहून ठेवलेलं आहे. १९७४ साली विकास आंदोलनात मराठवाडा पेटला, त्याच वर्षी अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्याच नावाचं. तालुक्याच्या गावात मेडिकल कॉलेज ही तेव्हा फारच मोठी गोष्ट. १९८४ ला दांडेकर समितीनं हिशोब मांडला तर मराठवाड्याचा अनुशेष साडेसातशे कोटींच्या आसपास निघाला. आणि १९८५ पासून मेडिकल प्रवेशाला ७०:३० आलं. म्हणजे प्रत्येक विभागातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरासाठी खुल्या. पुण्या-मुंबईच्या पोरांनी आमच्या जागा पळवू नयेत म्हणून हे कुंपण उपयोगाचंच होतं.

पण कुंपणाच्या आत काय झालं बघा. लातूरच्या शाहू, दयानंद या कॉलेजांनी पोरांना घासून घासून तयार करायला सुरुवात केली. सुट्टीत अभ्यासक्रम संपवायचा, उरलेलं वर्षभर नुसत्या टेस्ट. हाच तो लातूर पॅटर्न. बीड, नांदेड, परभणीची पोरं तिकडे लोटली. मराठवाड्यात चांगले मार्क पडणारी मुलं भरमसाट झाली आणि मेडिकल कॉलेजं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उर्वरित महाराष्ट्रात कॉलेजं कितीतरी जास्त. मग व्हायचं असं की ज्या मार्कांना सातारा-नाशिककडच्या पोराला एमबीबीएस मिळायचं, त्याच मार्कांना बीडच्या पोराला नाही. ज्या कुंपणानं वाचवायचं तेच आडवं आलं. पालक कोर्टात गेले, मोर्चे निघाले, आणि ८ सप्टेंबर २०२० ला वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी (लातूरचेच!) विधानसभेत ७०:३० रद्द केल्याचं जाहीर केलं. पस्तीस वर्षं चाललेला नियम गेला. त्या पस्तीस वर्षांत बीडच्या ज्या पोरा-पोरींचं थोडक्यात हुकलं, ती स्वतःला "आपल्याला कमी पडले" असंच समजत आली असणार. त्यांचा पेपर तोच होता, मार्कही तेवढेच, फक्त रांग दुसरी होती.

आता परत आतेबहिणीकडे. मी हे सगळं वाचत असताना माझ्या टाळक्यात प्रकाश पडला आणि मी तिला परत फोन लावला.

४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा ती आधी खूश होती. त्या दिवशी बीडमध्ये लोकसभेची मतमोजणी रात्री उशिरापर्यंत चालली होती, सगळा जिल्हा टीव्हीला चिकटलेला, आणि आत्याच्या घरात ५८३ चे पेढे वाटले गेले होते. आदल्या वर्षीच्या हिशोबानं ५८३ म्हणजे हातातलं एमबीबीएस. पण त्या वर्षी मार्कांचा महापूर आला होता. ६७ जणांना ७२० पैकी ७२०! ग्रेस मार्क, पेपरफुटी, कोर्टकचेऱ्या, सगळं झालं, सुधारित निकालात ते ६७ चे १७ झाले, पण सुप्रीम कोर्टानं फेरपरीक्षा नाकारली. २३ लाखांच्या वर मुलं बसली, १३ लाखांच्या वर "क्वालिफाय" झाली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे आजोबांच्या अर्थानं १३ लाख पोरं पास होती. त्या पासाचं करायचं काय?

२०२५ चा पेपर, विशेषतः फिजिक्स, असा काही निघाला की देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६ पडले. क्वालिफाय व्हायची खुल्या गटाची रेषा २०२४ ला १६२ होती ती १४४ वर आली. सगळ्यांनाच कमी पडले होते.

मी म्हटलं, "मार्क सोड. नंबर किती आलाय?"

ती रडण्याच्या नादात नंबर बघायचाच विसरली होती. किंवा बघून समजला नव्हता. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं शेजारी ठेवून बघायला सांगितलं. ८६ मार्क कमी पडून तिचा नंबर गेल्या वर्षीच्या निम्म्याच्या आत आला होता.

दोन मिनिटं फोनवर शांतता. मग मी तिला २८२ ची गोष्ट सांगितली, बरं वाटेल म्हणून. तर म्हणते कशी, "पण दादा, तेव्हा कटऑफ किती होता?"

म्हटलं, कटऑफच नव्हता गं.

"मग त्यांचं बरं होतं," म्हणाली. आणि परत स्वतःच म्हणाली, "नाही, बरं कसलं असणार."

पुढच्या वीकेंडला मी अंबाजोगाईला गेलो. आत्याकडे बसलो होतो तर शेजारचे काका आले, आल्या आल्या प्रश्न ठरलेला. आत्या म्हणाली, "चारशे सत्त्याण्णव." काका हळहळले. "अरेरे... गेल्या वर्षी तर जास्ती होते ना?" आत्यानं माझ्याकडे बघितलं. समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि मी तयारही होतो. तिने काही न बोलता आतून पेढ्यांचा बॉक्स आणून त्यांच्यापुढे धरला. काकांनी बुचकळ्यात पडून एक उचलला आणि मला विचारलं, "पुण्याकडं किती पडला?"